जीपच्या नावाची सव्वा मूठ

श्रावणातल्या त्या शनिवारी चंपाबाई ओलेत्यानं रोटाचे गहू मोजायला बसल्या, आणि विसाव्या मुठीला सुषमाचा हात सुपावरच थांबला.

कानबाई ही श्रावणात घरी बसवायची देवी, आणि कानबाई म्हटलं की रोट आले आणि रोट म्हटले की मूठ आली. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते सगळे एकत्र दळायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे आणि पुनवेपर्यंत भाऊबंदकीतच संपवायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायकांनी निवडायचं, दळायचं, थापायचं. चोवीस वर्षांपूर्वी नव्या नवरीच्या भाबडेपणानं सुषमानं विचारलं होतं, "आई, आणि आपली मूठ?" तेव्हा चंपाबाई म्हणाल्या होत्या, "आपला हात गव्हातच शे ना? आखो काय पाहिजे?"

गिरण्यांच्या वस्तीत, पांडेसऱ्यात, त्यांच्या भाऊबंदकीची सात घरं. पुरुष एकोणीस. कानबाई यंदा यांच्याकडे बसणार होती.

"एकोणीस झाले, आई."

"वीस."

"एकोणीसच. मी मोजतेय ना."

चंपाबाईंनी हनुवटी उचलून समोर दाखवलं. समोर, टीव्हीच्या बरोबर समोर, जीपचं बॉनेट होतं. "हाई त्यान्ही," त्या म्हणाल्या आणि मूठ सुपात सोडली. वर पाव मूठही सोडली. गव्हात गहू मिसळले. आता त्यातले जीपचे कुठले आणि भाऊबंदकीतल्या थोरल्या उखा आप्पांचे कुठले, हे कानबाईलाही सांगता आलं नसतं.

ही जीप घरात कशी, ते सांगायला हवं.

सुषमाचा नवरा वाल्मिक एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, कलर मास्टर. दोन वर्षांपूर्वी तो सचिन गावातल्या एका भंगारवाल्याकडे बाद झालेले पाइप बघायला गेला आणि टेम्पोच्या मागे दोर बांधून जीप घेऊन आला. चारही चाकांना जोर मिळतो अशी जुनी, सरकारी लिलावांतून हात बदलत आलेली. डांगच्या जंगलात जिथे रस्ता संपतो तिथून पुढे ही न्यायची, असं त्याच्या मनात होतं. चंपाबाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि वाल्मिक म्हणाला, "माय, हाऊ तुन्हा दुसरा आंडोर समज."

माणूस आनंदात काहीही बोलतो, गाडीला मुलगाही म्हणतो. चंपाबाई मात्र सहसा काही विसरत नसत.

गल्ली सहा हात रुंद. जीप तिथे उभी केली की शेजारच्या मंदाताईंना घराबाहेर पडायला आडवं चालावं लागे. म्हणून वाल्मिकनं पुढच्या खोलीची लोखंडी जाळी काढली आणि जीप नाकापासून कमरेपर्यंत घरात घेतली. तेव्हापासून तिचे दोन्ही दिवे टीव्हीकडे लागलेले, आणि बाजूला चंपाबाईंची खाट. उन्हाळ्यात बॉनेटवर कुरडया वाळत. दुपारच्या मालिकेत काही वाईट घडलं की चंपाबाई बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "देखं का रे?"

दुरुस्ती वाल्मिकनंच सुरू केली. गिअर कडक पडत होते. त्याच्या गिरणीत कापड कडक आलं की सॉफ्टनर मारतात. त्यानं दोन लिटर सॉफ्टनर आणला आणि गिअरबॉक्समध्ये ओतला. तीन दिवस जीपला नव्या साडीचा वास येत होता आणि एकही गिअर जागेवर राहत नव्हता. मग तो रंगाकडे वळला, कारण तिथे त्याला कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. हिरवा ठरला. पण हिरवे त्याच्याकडे चौदा. त्यानं गिरणीच्या रिवाजाप्रमाणे आधी नमुने मारले: डाव्या दारावर मेहंदी, उजव्यावर शेवाळी, मागे कच्ची कैरी, बॉनेटवर पोपटी. नमुना पास कोण करणार, हे ठरलं नाही. नमुनेच राहिले.

आणि एका दुपारी सुषमा जीपखाली गेली.

ती गेली होती टिकल्यांचं पाकीट शोधायला. घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम ती घेते, लेस लावायचं मशीन स्वतःच उघडते, स्वतःच जुळवते. जीपखाली उताणी पडल्यावर तिला दिसलं की इथेही तेच आहे: एक फिरतं, ते दुसऱ्याला फिरवतं, मधे कुणीतरी आडमुठेपणा करतं. तो आडमुठा शोधायचा. पाकीट सापडलं तरी ती तासभर वर आली नाही.

पुढचं ती मोबाइलवर शिकली. जीप उघडून दाखवणारे सगळ्यात चांगले व्हिडिओ मल्याळममध्ये होते. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हात कळत होते. नट आवळताना तो केरळचा माणूस शेवटी "मदी, मदी" म्हणायचा, म्हणून तीही म्हणायला लागली. त्याचा अर्थ नुसता 'पुरे' असा होता; तिला वाटायचं, ते आवळण्याच्या मापाचं नाव आहे. दीड वर्षात तिनं गिअरबॉक्स धुतला, क्लचप्लेट बदलली, एका बाद टेम्पोचे कमानपाटे बसवून जीप चार बोटं उंच केली. पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून गिरणीच्या वाफेच्या नळीचा तुकडा बॉनेटच्या बाजूनं टपापर्यंत नेला. चिखलातून ओढून काढायला पुढे चेनकप्पी लावली. आणि जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तिनं चावी फिरवली. जीप आधी खोकली, मग शिंकली, मग अशी ओरडली की टीव्हीवरचा गणपती खाली आला.

वाल्मिक आनंदानं नाचला. दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणीत फोटो दाखवले. आणि महिनाभरात कामरेजच्या ललितभाईंना जीप द्यायची ठरवूनही आला.

ललितभाईंचं एम्ब्रॉयडरीचं युनिट, कामरेजला फार्महाउस, जंगलातून गाड्या न्यायचा नाद, आणि माणूस गोड. सुषमानं फक्त एवढंच विचारलं, "का?"

"का म्हणजे? तयार झाली ना," वाल्मिक म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. तीस वर्षं त्यानं एवढंच पाहिलं होतं: लॉट येतो, रंगतो, सुकतो, पास होतो आणि पार्टीकडे जातो. "तयार माल घरात ठेवत नसतात, सुषमा. डाग पडतो."

सुषमानं पुढची टिकली लावली. बोलायचं तर बरंच काही आधीपासून सांगावं लागलं असतं. तीन वर्षांपूर्वी साड्यांचा लॉट द्यायला जाते असं सांगून ती दुपारी ड्रायव्हिंग क्लासला जायची, हे सांगावं लागलं असतं. लायसन पिठाच्या डब्याखाली आहे, हेही. सगळे झोपलेले असले की ती उभ्या जीपमध्ये बसून क्लच दाबते, छोटा दांडा मागे ओढते, चारही चाकं जोरात घेते आणि टीव्हीकडे बघत एक नदी ओलांडते, हे तर मुळीच सांगता आलं नसतं. सोमवारी ललितभाई येणार होते. तिच्याकडे दोन दिवस होते आणि काहीही करायचं नव्हतं.

आणि आता ही विसावी मूठ.

दुपारी वाल्मिक घरी आला तेव्हा गहू दळूनही झाले होते.

"अवं माय, ती जीप शे!"

"तूच म्हनेल व्हता ना, दुसरा आंडोर समज? मी समजनू."

"पण परवा ती ललितभाईला द्यायची आहे!"

चंपाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बावन्न वर्षांचा कलर मास्टर एकदम चौथीत गेला. "कानबाईना सामने मूठ पडनी, आनि तू भाऊ ईकाले चालना?"

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळ, नथ, हिरवा खण. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला पोपटी बॉनेट. सातही घरं जमली. वाल्मिकनं उखा आप्पांना मध्ये घातलं. उखा आप्पा म्हणजे लूमवर चाळीस वर्षं काढलेले, सात पिढ्यांची नावं तोंडपाठ. कोण कुणाचा काका आणि कुणी कुणाच्या पाया पडायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय पांडेसऱ्यात लग्नाची पत्रिका छापत नाहीत. "जाऊ द्या, म्हातारीची चूक झाली" असं ते म्हणतील, अशी वाल्मिकची अपेक्षा.

आप्पांनी जीपकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मूठ पडली म्हणजे पडली. तो आपला झाला. प्रश्न असा, की तो बसतो कुठे?"

"टीव्हीसमोर," कोणीतरी म्हणालं.

"वंशावळीत बसतो कुठे! वाल्मिकचा भाऊ, हे ठीक. पण मोठा का धाकटा?"

गाडीचं पुस्तक आलं. त्यावर साल एकोणीसशे शहाण्णव. वाल्मिक त्र्याहत्तरचा. "धाकटा," वाल्मिक सुटकेनं म्हणाला. पण आप्पा जन्मभर यंत्रांवर वावरलेले. ते स्वतः वाकले, चष्मा पुसला, आणि सांगाड्यावर ठोकलेली पितळी पट्टी वाचली. एकोणीसशे अडुसष्ट.

सगळ्या माना वाल्मिककडे वळल्या.

"पण इंजिन चौऱ्याऐंशीचं आहे," वाल्मिक म्हणाला.

"इंजिन बदलता येतं. तुझ्या काकाला नाही का बायपास झाली? त्यानं तो धाकटा झाला का?" आप्पांनी पट्टीला हात लावून तो कपाळाला लावला. "मोठा आहे. पाच वर्षांनी. वाल्मिक, पाया पड."

वाल्मिकनं बंपरला हात लावला. दुसरं काय करणार.

आणि मग आप्पा सुषमाकडे वळले. आवाज मऊ करून म्हणाले, "सूनबाई, आता तू जरा..."

सुषमाला आधीच कळलं होतं. नवऱ्याहून मोठा तो जेठ. जेठासमोर डोक्यावर पदर, जेठाशी थेट बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा तर प्रश्नच नाही. चंपाबाईंच्या घरात हे अजूनही पाळत. दीड वर्षं ती ज्याच्याखाली उताणी पडून ज्याची ढोपरं-कोपरं पुसत होती, तो जेठ निघाला होता. सगळ्या बायकांनी एकदम तिच्याकडे पाहिलं आणि एकदम दुसरीकडे पाहिलं. सुषमानं पदर घेतला.

सोमवारी सकाळी ललितभाई पेढे घेऊन आले. "वाल्मिकभाई, चावी आपो! गाडी तैयार छे ने?"

वाल्मिकनं आप्पांना बोलावून घेतलं आणि झालेलं सगळं सांगितलं. ललितभाई शांतपणे ऐकत राहिले. त्यांच्याही घरी ऐंशी वर्षांची आई होती. ते म्हणाले, निदान आवाज तरी ऐकवा.

वाल्मिकनं चावी फिरवली. क्रक्, क्रक्. परत फिरवली. क्रक्.

स्वयंपाकघराचा पडदा हलला. "अहो," आतून सुषमाचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, चोक अर्धाच घ्या."

"कोणाला म्हणू?"

"त्यांना."

"सुषमा, चोक मी ओढतोय!"

"मग तुम्ही ओढा. पण पाय देऊ नका, ते तुंबतात."

वाल्मिकनं पाय दिला. जीप गुरगुरली आणि गप्प झाली. खोलीभर पेट्रोलचा वास.

"झालं," पडदा म्हणाला. "आता अर्धा तास पडू द्या त्यांना. डोक्यात गेलंय त्यांच्या."

ललितभाईंनी आप्पांच्या कानाला लागून विचारलं, "भाभी कोनी साथे वात करे छे?"

"जेठाशी," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

ललितभाईंनी पेढ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि बराच विचार केला. मग त्यांनी असा तोडगा काढला की आप्पांनाही कौतुक वाटलं. मुलगा विकता येत नाही, हे त्यांना मान्य होतं. त्यांच्यातही विकत नाहीत. पण दत्तक?

"दत्तक जातो," आप्पा म्हणाले. "रीतसर दिला तर जातो." वाल्मिकचा चेहरा उजळला. पडद्यामागे एक भांडं पडलं. "पण," आप्पांनी बोट वर केलं, "त्याच्या वाट्याचा रोट झालाय, आणि तो त्यानं खाल्लेला नाही. वाढलेल्या ताटावरून माणूस दत्तक देत नाहीत. पुनवेपर्यंत त्यानं रोट संपवावा. मग न्या."

"खाणार कसा?" वाल्मिकनं विचारलं. "एअर फिल्टरमध्ये टाकू?"

"त्यांचा घसा बसेल!" पडदा ओरडला.

दुपारी कानबाईला तापीत पोचवून आले. जीपच्या वाट्याचे रोट एका पितळी डब्यात घालून डबा बॉनेटवर ठेवला. वाल्मिक गिरणीत जाण्याआधी रोज झाकण उघडून बघे, आणि संध्याकाळी परत. मोठ्या भावानं काही खाल्लेलं नसे.

तो आठवडा सुषमानं टिकल्या लावण्यात घालवला. इतक्या साड्या तिनं कधी संपवल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जाताना ती भिंतीला घासून जाई. पुण्याला नोकरी करणाऱ्या गायत्रीचा, तिच्या लेकीचा, फोन आला तेव्हा ती म्हणाली, "काही नाही गं, घरातल्या थोरल्यांची तब्येत बरी नाही." गायत्रीला वाटलं, उखा आजोबांना काही झालं.

गुरुवारी दुपारी चंपाबाईंना जाग आली तर सून जीपपासून दोन हातांवर उभी. डोक्यावर पदर, पदराखाली पाना.

"काय व्हयनं?"

"काही नाही, आई. त्यांच्या उजव्या चाकातून ब्रेकचं तेल गळतंय."

"मंग?"

"मंग काय. वॉशर बदलला की झालं. पण हात कुठे लावता येतो."

चंपाबाईंनी फरशीवर पडणारा थेंब पाहिला. पुढचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली. मग सुनेकडे न बघता विचारलं, "तुले कोठे लई जानं शे त्याले?"

हा प्रश्न दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता. जीप कुठे जाणार हे वाल्मिक सांगायचा, रंग कुठला हे वाल्मिक सांगायचा, कुणाला द्यायची हेही. सुषमाला उत्तर इतकं तयार होतं की ते ताबडतोब बाहेर आलं.

"नदीत."

"कोनती नदी?"

"डांगात पूर्णा आहे. सगळे दगडगोटे, आणि गुडघाभर पाणी. त्यातून ह्यांना पलीकडे न्यायचं. मी चालवणार."

"आनि मंग?"

"मग परत यायचं."

"त्याच पानीमाईन?"

"हो."

"बरं," चंपाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. पण झोपल्या नाहीत. खाटेची नवार बराच वेळ कुरकुरत होती.

पुनवेला सकाळी ललितभाई परत आले. पेढे ताजे होते. आप्पा आले, भाऊबंद आले, मंदाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. वाल्मिकनं डब्याचं झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं: रोट होते तसेच.

"आजारी असेल तर दुसऱ्यानं त्याच्या नावानं खाल्ला तरी चालतं," आप्पा म्हणाले. "सख्ख्या भावानं खावा. मग दत्तकाचं बघू." वाल्मिकनं बाह्या सरसावल्या.

पडदा बाजूला झाला. सुषमा बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा होता.

"आप्पा, एक विचारू? तुमचं वय किती?"

"पंच्याहत्तर पूर्ण."

"कधीपासून धरून?"

"कधीपासून म्हणजे? जन्मल्यापासून."

"पण हाडं त्याच्या आधी नऊ महिने बनत होती ना? ते नाही धरले?"

"ते कोण धरतं! पोर रडलं, की तिथून वय."

"मग हे कधी रडले?"

आप्पांनी परत पितळी पट्टीकडे पाहिलं.

"जूनच्या दुसऱ्या रविवारी," सुषमा म्हणाली. "सकाळी सव्वाअकराला. त्याच्या आधी ते जिवंत होते, असं कोणी सांगावं. टेम्पोला बांधून आणले तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. ह्या गल्लीनं ऐकलाय पहिला आवाज."

"खरंय," दारातून मंदाताई म्हणाल्या. "माझ्या दोन चादरी काळ्या झाल्या त्या दिवशी."

"पण सांगाडा अडुसष्टचा!" वाल्मिक म्हणाला.

"गप रे," आप्पा विचारात पडले होते. "तुझं नाक तुझ्या आजोबांचं आहे, म्हणून तुला कोणी आजोबा म्हणतं का?" त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे दोन महिन्यांचा. अरे, मग तो वाल्मिकहून बावन्न वर्षांनी लहान झाला! दीर! धाकटा दीर! सूनबाई, लाव हात, खुशाल लाव."

सुषमाला एवढंच हवं होतं. जीप जाणारच असेल तर निदान ब्रेक नीट करून जावी. पदराखालचा पाना बाहेर आलाही होता.

"थांबा," खाटेवरून आवाज आला.

चंपाबाई उठून बसल्या होत्या. "दीर कसा व्हई? दीर व्हवाले मी त्याले जनम देवाले पाहिजे ना? माले अठ्ठ्याहत्तर शेत, उखाभाऊ. दोन महिना पहिले मी कोठे बाळंत व्हयनू?"

आप्पांच्या सात पिढ्यांत असा पेच आला नव्हता.

"मंग कोन बाळंत व्हयनं?" चंपाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "दीड वरीस कोन त्यान्यासाठे झुरी रायंतं? त्यानं दूधपानी कोनी करं? तो रडना तवय पहिला हात कोना व्हता त्यान्यावर?"

सगळ्यांनी सुषमाच्या हातांकडे पाहिलं. नखांत आठवडाभरापूर्वीचं काळं ग्रीस अजून होतं.

"आंडोर शे तिना," चंपाबाई म्हणाल्या. "मन्हा नातू."

वाल्मिक हळूच मडगार्डवर टेकला. मग आपण कशावर बसलोय हे लक्षात येऊन उठला. "म्हणजे मी... बाप?"

"दुसरा कोन?" आई म्हणाली. "आनि लेकरूले तयार माल म्हनतस का रे तू?"

ललितभाईंनी सवयीनं दत्तकाची गोष्ट काढायला घेतली. "तो, बा, दत्तक तो..."

"दोन महिनानं लेकरू," चंपाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मायपासून तोडीसन लई जाशी तू? तुन्ही माय तुले घरमा लेई?"

ललितभाईंनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "मारी बा मने उंबरो ओळंगवा न दे." आणि त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला, पहिला पेढा वाल्मिकच्या तोंडात घातला, दुसरा आप्पांच्या. "दीकरो आव्यो! मुंह मीठा करो!" गाडी न मिळाल्याचं दुःख त्यांना झालं असेलच, पण आनंदाच्या प्रसंगी रिकाम्या हातानं आलो नाही, याचं समाधान जास्त दिसत होतं. बॉनेटवर थाप मारून ते म्हणाले, दसऱ्याच्या आधी आमचा ग्रुप डांगला जातोय. बाळाला घेऊन या.

राहिला रोट. "तान्हं लेकरू रोट खात नाही," आप्पा म्हणाले. त्यांना बऱ्याच वेळानं ठाम पाय ठेवायला जागा मिळाली होती. "त्याच्या वाट्याचा त्याची आई खाते."

सुषमानं बॉनेटवरचा डबा उचलला आणि तिथेच, चाकाशी बसून रोट खाल्ला. आठ दिवसांचा, कडक झालेला, दातांना दाद न देणारा. तिनं तो सावकाश चावला, एक कण खाली पडू दिला नाही, आणि कोणी पाणी पुढे केलं तरी हातानंच थांबवलं. रोट ती दरवर्षी खायची. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेला, परातीच्या कडेनं. ह्या तुकड्यांवर नाव तिच्या लेकराचं होतं, आणि खाणारीही तीच होती. वाल्मिक तिच्याकडे बघत होता. मग तो तिच्याशेजारी खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "रंग कुठला ठेवायचा? तू सांग."

"राहू द्या चारही," सुषमा म्हणाली. "लहान आहे अजून, कळेल त्याचा त्याला." आणि पाना घेऊन ती चाकाखाली सरकली.

संध्याकाळी गायत्रीचा फोन आला. ती भडकली होती. "मम्मी, मला भाऊ झाला, आणि हे मला मंदामावशींच्या स्टेटसवरून कळावं?"

दसऱ्याच्या आदल्या रविवारी ललितभाईंच्या ग्रुपच्या सात गाड्या पूर्णेच्या काठावर रांगेत उभ्या होत्या. सगळ्या चकाचक, सगळ्यांना नवेकोरे टायर. आठवी जीप चार हिरव्यांची. तिच्यातून एक साडी नेसलेली बाई उतरली, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या हातानं फिरवून तिनं ती चाकंही इंजिनाच्या जोराला जोडली, आणि परत चढून बसली. बडोद्याचा एक तरुण डॉक्टर जवळ येऊन कौतुकानं म्हणाला, "आंटी, ओल्ड इज गोल्ड! कौनसा मॉडेल है?"

"इसी साल का," सुषमा म्हणाली.

शेजारच्या सीटवर वाल्मिक दोन्ही हातांनी दांडी धरून बसला होता. मागे चंपाबाई, मांडीवर भाकरीचं फडकं. सुषमानं क्लच दाबला, छोटा दांडा मागे ओढला. टीव्हीसमोर हा दांडा नेहमी अलगद बसायचा. इथे तो दातावर दात घासून बसला आणि सगळी गाडी एकदा शहारली.

पुढचं चाक पाण्यात गेलं. मग दुसरं. दगड खालून एकेक करून बोलायला लागले आणि स्टिअरिंग तिच्या हातातून सुटायला बघू लागलं. तिनं ते आवळून न धरता नुसतं जवळ ठेवलं. मध्यावर पाणी दाराच्या फटीतून आत आलं. वाल्मिकनं काहीतरी विचारलं, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. चंपाबाईंनी पाय उचलून सीटवर घेतले, लुगडं आवरलं आणि फडकं उराशी धरलं.

"थांबू का, आई?" सुषमानं मागे न बघता विचारलं.

"थांबू नको," चंपाबाई म्हणाल्या. "माले पलीकडे काय शे ते देखू दे."